मिक्सर नंबर दोनमधली ओल

सोमवारी सकाळी पावणेआठला बिरारी फूड्सच्या फाटकात ट्रक लागला आणि नेमका पावणेआठलाच ऋतुजा दराडेच्या टेबलावरचा पडदा पिवळा झाला. लाल नव्हे, पिवळा. लाल झाला असता तर निदान सगळे धावले तरी असते. पिवळ्याला कोण विचारतो? लाल म्हणजे झालं, पिवळा म्हणजे होईल. आणि जे अजून झालेलंच नाही त्याच्यासाठी भरलेला ट्रक थांबवा म्हणून सांगणं, हे सिन्नरच्या त्या कारखान्यातलं सगळ्यात नावडतं काम गेली चार वर्षं ऋतुजाच्या वाट्याला आलेलं होतं.

पडद्यावर तीन ओळी होत्या. मिक्सर नंबर दोन, शाफ्टच्या सीलखाली ओल. आजचा धोका शंभरात सहा. पाच दिवसांनी शंभरात सत्तर.

"अगं बाई! कोरड्या विभागात ओल?" ती एकटीच मोठ्याने म्हणाली, आणि हातातला चहा तसाच ठेवून उठली.

बिरारी फूड्समध्ये झटपट नाचणी सत्त्व तयार व्हायचं. पेठ-सुरगाण्याची नाचणी भिजवून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची, त्यात दूधपावडर आणि मूगडाळीचं पीठ मिसळायचं आणि पुड्या भरायच्या. कोमट पाण्यात कालवलं की बाळाची वाटी तयार. आदिवासी पट्ट्यातल्या पोषण केंद्रांत, जिथं पाच-सहा किलोंची वर्षा-दीड वर्षाची मुलं ठेवून घेतात, तिथं हेच सत्त्व जायचं. आता यात गोम अशी, की ते झटपट आहे, म्हणून त्याला पुन्हा आग लागत नाही. नाचणी एकदा भाजली की पुढं विस्तव नाही. भाजल्यानंतर जे काही त्यात शिरेल ते सरळ त्या मुलाच्या पोटात.

आणि शिरायला टपलेला असतो साल्मोनेला. हा जिवाणू मोठा चिवट. पाणी नसेल तर तो मरत नाही, नुसता पडून राहतो. महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षं, पिठाच्या एखाद्या कणाला चिकटून, काही न करता. खाणं समोर असूनही त्याला खाता येत नाही, कारण कोरड्या पिठात मोकळं पाणी नसतं. म्हणून कोरड्या विभागात बादली नाही, पोछा नाही, नळ नाही. सफाई ब्रशने आणि हवा ओढणाऱ्या नळीने. कपाळावरचा घाम पुसायचा तरी बाहेर जाऊन पुसायचा. कारण चमचाभर पाणी चुकीच्या फटीत गेलं की तिथलं पीठ भिजतं, शेजारी फिरणाऱ्या शाफ्टची ऊब मिळते, आणि पडून असलेला जिवाणू उठतो. मग तो नुसता वाढत नाही, वर चिकट थर बांधून घर करतो. एकदा घर झालं की येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये त्याची थोडी थोडी पिल्लं उतरत राहतात.

हे जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. फक्त त्यांना ते कळायचं तेव्हा मुलं दवाखान्यात असायची. चार वर्षांपूर्वी आलेल्या यंत्राने एवढाच फरक केला, की ते आधी कळायला लागलं. यंत्राचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून कारखान्यात सगळे त्याला 'नाक' म्हणत. कुत्र्याच्या नाकात वास पकडणारी जी प्रथिनं असतात, तशीच प्रथिनं बनवून नखाएवढ्या चकत्यांवर बसवली होती. अशा चारशे चकत्या भिंतीत, जमिनीत, मशीनच्या सांध्यात. पीठ भिजलं की आंबण्याआधी त्याचा वास किंचित बदलतो. माणसाला तो कळायला आठवडा लागेल, चकतीला तो कळतो. मग नाक हिशेब मांडतं, की ओल किती, ऊब किती, जिवाणू आसपास असण्याची शक्यता किती, आणि त्यावरून किती दिवसांत काय होईल. हवामान खातं पावसाचं सांगतं तसंच, पण त्यापेक्षा बरंच खात्रीचं.

नाकाने जुन्या नोंदी उलगडून दाखवल्या. ओलीची पहिली पुसट खूण नऊ दिवसांपूर्वीची होती. ऋतुजाने कॅलेंडर पाहिलं. खंडेनवमी! पण त्या दिवशी तर मशीनं बंद होती. पूजा झाली, ती कोरडी. झेंडूची फुलंसुद्धा बाहेर, फाटकाच्या कमानीला. नारळ फुटला तोही फाटकावर. चार वर्षांपासूनचा नियमच होता तो.

"छत गळतंय की काय," ती पुटपुटली.

तेवढ्यात मालक जयंत बिरारी आत आले. गडी मनाने चांगला, पण घाईचा.

"दराडे मॅडम, ट्रक का थांबवला? लॅबचा रिपोर्ट आलाय. साठ नमुने, साठही स्वच्छ."

"साठ चमचे, साहेब. माल चार टन आहे. त्यात चार-दोन गुठळ्या असल्या तर साठ चमच्यांत त्या येणार कशा?"

"बरं, नाक काय म्हणतंय? शंभरात सहा ना? म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव चांगलं. एवढे मार्क मला जन्मात पडले नाहीत."

ऋतुजाला हसू आलं, पण ती जागची हलली नाही. "साहेब, शंभर विहिरी आहेत. त्यातल्या सहांत काहीतरी मरून पडलंय. कोणत्या सहा, ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही समोरच्या विहिरीचं पाणी नातवाला पाजाल?"

बिरारींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि केंद्रातल्या मुलांनी काय खायचं मग? त्यांचाही कुणीतरी विचार करायला हवा की नाही?"

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि ऋतुजा त्याचं उत्तर घेऊनच उभी होती. "केंद्रांना मी फोन केला. त्यांच्याकडे दोन दिवसांचा साठा आहे. गोदामात नवमीच्या आधीच्या बॅचचे सहाशे किलो पडलेत. ओल तेव्हा नव्हतीच, तो माल बिनधास्त आहे. तो आत्ता जाऊ दे, आठवडाभर पुरेल. नवमीनंतरचा सगळा बाजूला. त्यातला एक कणही अजून फाटकाबाहेर गेलेला नाही, हे नशीब. आणि मिक्सर दोन उघडायचा."

"उघडून आत काही नाही निघालं तर?"

"तर पुन्हा जोडू."

"चार दिवस जातील!"

"तीन. नानांनी मनावर घेतलं तर दोन."

बिरारींनी हात झटकला. "काढा सहाशे किलो."

नाना म्हणजे रंगनाथ सांगळे, फोरमन. एकोणतीस वर्षं इथली मशीनं त्यांच्या हाताखाली होती, आणि महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. बारा वर्षांपूर्वी ऋतुजा पुड्या भरायला बसायची. एकदा तिने शेंगदाण्याचं एक पोतं वासावरून कुबट म्हणून परत लावलं. मुकादम तिच्यावर खेकसला. नानांनी पोत्यात हात घातला, दाणा फोडून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी बरोबर आहे. हिला इथं बसवून वाया घालवू नका." तिने बाहेरून पदवी घ्यावी म्हणून साहेबांच्या मागं लागले तेही नानाच. दुपारचा डबा दोघं एकत्र खात. तिच्या मेथीच्या भाजीला ते नावं ठेवत आणि तीच आधी संपवत.

म्हणून त्या दिवशी नाना मिक्सरपाशी उभं राहून म्हणाले, "आधी छत बघू, मशीन उघडायची घाई कशाला?" तेव्हा ऋतुजाला चमत्कारिक वाटलं. उघडल्याशिवाय कळत नाही, हे नानांचंच पालुपद होतं.

"छत बघितलं नाना. कोरडं ठणठणीत आहे. पाना चालवा."

नानांनी पाना चालवला. बारा बोल्ट निघाले, फट बंद ठेवणारं रबरी सील सुटलं. शाफ्टच्या भोवती अंगठ्याएवढ्या जाडीचं ओलसर पीठ कड्यासारखं चिकटलं होतं. ऋतुजाने दोन नमुने घेतले, तपासणीला पाठवले, आणि मग मास्क खाली ओढून वाकली. आंबूस आणि गोडसर. हा वास तिला माहीत होता. सकाळी फोडलेल्या नारळाचं पाणी पेल्यात संध्याकाळपर्यंत राहिलं की येतो, तोच.

तिने मान वर केली. नाना फडक्याने पाना पुसत होते. पाना आधीच स्वच्छ होता.

"नाना?"

बाकीची माणसं बोल्ट धुवायला बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "शेवटची नवमी होती गं."

"म्हणजे?"

"फाटकावर फुटला तो सगळ्यांचा नारळ. मला माझा एक फोडायचा होता. एकोणतीस वर्षांत या मिक्सरने एकाचं बोट घेतलं नाही. त्याला नुसती लांबून फुलं दाखवायची? मन मानेना. दुपारी इथं कुणी नव्हतं. चौथऱ्याच्या कडेला फोडला, झाकणावर चार थेंब शिंपडले. लगेच पुसूनही घेतलं."

ऋतुजाला भयंकर राग आला. "दर सोमवारी नवीन मुलींना कोण सांगतं, की इथं डोळ्यातलं पाणीसुद्धा पडता कामा नये? तुम्ही सांगता, नाना! तुम्ही!"

"मला नाही माहीत होय? म्हणून तर पुसलं."

दुपारी अडीचला नमुन्यांचा निकाल आला. जिवाणू नव्हते. ओल होती, ऊब होती, सगळी तयारी झाली होती, पण पाहुणा अजून पोचला नव्हता. ऋतुजाने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या टेबलावरचा कारकून वळून बघायला लागला. तिने लगेच जाऊन नानांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघ, काही नाही निघालं! देवालाच काळजी. आता खरवडून काढतो, नवं सील टाकतो, विषय संपला. कारणाच्या रकान्यात छत लिही."

कारणाचा रकाना. खरी अडचण तिथंच होती. नाक बसवताना सरकारने एक अट घातली होती. धोका पिवळा झाला, की का झाला ते लिहून दोन सह्यांनिशी पाठवायचं, एक गुणवत्तेची, एक फोरमनची. ती नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यातल्या प्रत्येक अन्नकारखान्यात पोचायची. कारण नाक बसवणं सगळ्यांना जमलेलं नव्हतं. दहांतल्या सात-आठ ठिकाणी ते नव्हतंच. त्यांना दुसऱ्याच्या नाकाने कळलेलं शहाणपण, एवढाच काय तो आधार.

"छत लिहिलं, तर उद्या शे-दोनशे लोक शिड्या लावून छतं तपासत बसतील," ऋतुजा म्हणाली. "नारळ तुम्ही एकट्यानेच फोडलाय असं वाटतं तुम्हाला?"

"माझं नाव गावभर होईल."

"कुणी केलं त्याचं नाव लिहायची अट नाही. कारण लिहायची आहे."

"अगं, या कारखान्यात नारळ लिहिला म्हणजे रंगनाथ सांगळेच लिहिला! शेंबडं पोरही ओळखेल. पंधरा दिवस राहिलेत माझे, ऋतू. एकोणतीस वर्षांत ठपका नाही, आणि जाताना हा? तोही काही झालेलं नसताना?"

तिला वाटलं, लिहावं छत. काय बिघडतंय? या माणसाने आपल्याला पोत्यांमधून उठवून इथं आणलं. पण मग डोळ्यापुढं केंद्रातल्या खाटा आल्या. ती दोनदा जाऊन आली होती तिथं. त्या मुलांना जुलाब लागले तर दुसरा दिवस दिसेलच असं नसतं.

"नाना, मी नारळच लिहिणार," ती म्हणाली. "सही करा. नाही केलीत तर 'फोरमनने सही नाकारली' असं लिहून पाठवीन. तुमच्या पाठीमागं काही करायचं नाही, म्हणून तोंडावर सांगते."

नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं बारा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "शिकवली ती चांगलीच शिकवली म्हणायची," ते म्हणाले आणि निघून गेले. डबा त्या दिवशी तसाच राहिला. ऋतुजाने कागद लिहून काढला, नानांच्या कामाच्या टेबलावर पान्याखाली दाबून ठेवला आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. मग तोंड धुतलं, कोरडं केलं आणि कामाला लागली.

मंगळवारी सकाळी कागद तिच्या टेबलावर होता. सही केलेली होती. खाली नानांच्या ठसठशीत अक्षरात आणखी तीन ओळी होत्या, ज्या कुणी मागितल्या नव्हत्या. "नारळ मी फोडला. नियम मला माहीत होता, तो मीच शिकवतो. पुसलं की झालं असं वाटलं, पण सीलखाली फडकं पोचत नाही. रंगनाथ सांगळे, फोरमन, बिरारी फूड्स."

ती धावतच मिक्सरपाशी गेली. नाना शाफ्टखाली डोकं घालून बसले होते.

"नाना, नाव लिहायची गरज नव्हती."

"कारण लिहायचं तर पुरतं लिहावं," ते आतूनच म्हणाले. "दिवा धर इकडं. आणि आज तरी मेथी आणली नाहीस ना?"

"मेथीच आहे."

"मेलो," नाना म्हणाले, आणि ऋतुजाला पुन्हा रडू येईल की काय असं झालं, पण यावेळी ते वेगळं होतं.

कारखान्यात कुजबुज झालीच. पुड्या भरणाऱ्या दोघीतिघी नाना दिसले की गप्प होऊ लागल्या. बिरारींनी त्यांना बोलावून घेतलं, दार लावून दहा मिनिटं बोलले, काय ते कुणाला कळलं नाही. नाना बाहेर आले ते कान लाल करून आले आणि तडक मशीनकडे गेले. बोल्टन् बोल्ट कोरडा करून, गरम हवेने वाळवून त्यांनी बुधवारी दुपारी मिक्सर उभा केला. दोन दिवसांत. नाकाने पडदा हिरवा केला.

त्याच दुपारी फोन सुरू झाले. पहिला जळगावकडचा, केळीची पावडर करणाऱ्यांचा. "रंगनाथ सांगळे तुम्हीच का? आमच्या भरणीच्या मशीनवर आम्हीही फोडला होता हो. आज उघडलं, ओल निघाली. साफ केली." मग सांगलीकडून एक, मसालेवाल्यांचा. "दरवर्षी फोडतो, कधी ध्यानातच आलं नाही." नाना प्रत्येकाला सील कसं काढायचं ते समजावून सांगत. आवाजात हळूहळू पहिल्यासारखी कडक फोरमनकी येत होती. ऋतुजा समोरच बसून डबा खात होती आणि मनातून फुलून आली होती.

तिसरा फोन गुरुवारी, पुन्हा डब्याच्याच वेळी आला, कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातल्या फोरमनचा. त्यांच्याकडे बाळांची दूधपावडर व्हायची, नाक नव्हतं. माणूस दबक्या आवाजात बोलत होता. नानांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सांगळेसाहेब, तुमची नोंद काल वाचली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत भरणीचं मशीन उघडलं. मी फोडलेल्या नारळाचीच ओल होती. नमुना लावला. निघाले. जिवाणू निघाले."

ऋतुजाच्या हातातला घास हातातच राहिला.

"माल?" नानांनी विचारलं.

"आजची गाडी थांबवली मी. मोटर जळाली म्हणून सांगितलं साहेबांना."

"आणि नवमीनंतर गेलेल्या गाड्या?"

"दोन गेल्या. दुकानांत पोचल्या नसतील अजून. वितरकाच्या गोदामात असतील."

"गाडी थांबवल्याच्या कागदावर कारण काय लिहिलंत?"

"मोटर."

"मोटर लिहिलीत तर त्या दोन गाड्या परत कोण बोलवेल?"

"साहेब, माझी नोकरी जाईल हो," तो माणूस कळवळून म्हणाला. "तुमचे पंधरा दिवस राहिलेत म्हणून ऐकलं, माझी पंधरा वर्षं राहिलीत. तुम्हाला स्वतःचं नाव लिहायला लाज नाही वाटली?"

नानांनी ऋतुजाकडे पाहिलं. तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. हे तिच्या बोलण्याचं काम नव्हतं.

"वाटली की," नाना म्हणाले. "अजून वाटतेय. पोरी माझ्याकडे बघून गप्प होतात. सोसतंय ते. गाडीतली पावडर पोरांच्या पोटात गेली तर ते मात्र मला सोसलं नसतं, आणि तुम्हालाही सोसायचं नाही. कागद जवळ आहे का?"

"आहे."

"मग मोटर खोडा. तुमच्या साहेबांना काय आणि कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, हवं तर मी बोलतो त्यांच्याशी. आधी नारळ लिहा, खाली तुमचं नाव लिहा, आणि मला वाचून दाखवा. मी फोन ठेवत नाही."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खण उघडल्याचा. तो माणूस पेन शोधत होता. नाना जेवण अर्धवट टाकून, फोन हातात धरून, त्याचं लिहून होईपर्यंत थांबले.